इंजिन ऑइल निवडताना: आधी डब्याची मागची बाजू वाचा

ट्रॅक्टरला कोणतं ऑइल घालायचं असं कुणालाही विचारा, उत्तरात बहुतेक वेळा एखाद्या कंपनीचं नाव येतं. त्या नावावरून काहीच ठरत नाही. एकाच कंपनीची पाच-सात प्रकारची ऑइलं असतात. त्यातलं एक तुमच्या इंजिनाला अगदी योग्य असतं, आणि शेजारच्याच डब्यातलं दुसरं त्याच इंजिनाची दोन-तीन हंगामांत वाट लावतं. ऑइल ठरतं ते तीन गोष्टींवरून: दाटपणाचा ग्रेड, दर्जाचा वर्ग आणि ते नेमकं कोणत्या भागात जाणार आहे. हे तिन्ही डब्याच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं. पुढच्या बाजूचं चकचकीत चित्र आणि ‘सुपर’, ‘पॉवर’ वगैरे शब्द सोडून दिले तरी चालतात.

आधी ऑइलच्या जागा मोजा

मोटारीचा मालक ‘ऑइल’ म्हणतो तेव्हा त्याला इंजिनाचंच ऑइल म्हणायचं असतं. ट्रॅक्टरचं तसं नाही. इंजिनाच्या चेंबरमध्ये, म्हणजे तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, एक ऑइल. मागे गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांचं दुसरं. बऱ्याच ट्रॅक्टरांत हे तिन्ही एकाच घरात असतात. पॉवर स्टिअरिंगची टाकी काहींत वेगळी असते. चारही चाकं ओढणारा ट्रॅक्टर असेल तर पुढच्या एक्सलच्या मधल्या गोळ्यात आणि दोन्ही हबमध्ये आणखी ऑइल. जुन्या पद्धतीचा ऑइल बाथ एअर क्लीनर असेल तर त्याच्या वाटीत थोडं. काही जुन्या डिझेल पंपांचंही स्वतःचं ऑइल असतं, आणि ते हमखास विसरलं जातं.

कागद घ्या, या सगळ्या जागा एकाखाली एक लिहा. प्रत्येकीपुढे माहितीपुस्तकातून ग्रेड, दर्जाचा वर्ग, किती लिटर आणि किती तासांनी, हे चार रकाने भरा. पुस्तक हरवलं असेल तर मॉडेलचं नाव आणि इंजिन क्रमांक घेऊन उत्पादकाकडून ही माहिती मिळवा. अंदाजाने भरू नका. एकाच अश्वशक्तीच्या दोन ट्रॅक्टरांच्या चेंबरमध्ये लिटर-दीड लिटरचा फरक सहज असतो. भरलेला कागद टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवला की दर वेळी शोधाशोध होत नाही.

१५डब्ल्यू-४० म्हणजे नेमकं काय

हा आकडा एसएई या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या मोजपट्टीतला आहे. यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनातली वागणूक सांगतो आणि नंतरचा तापलेल्या इंजिनातली. १५डब्ल्यू ऑइलची थंडीतली परीक्षा उणे २० अंशांवर होते: इंजिन फिरवताना ते ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त अडता कामा नये. पंपाला ते उणे २५ अंशांपर्यंत ओढता आलं पाहिजे. २०डब्ल्यूला हेच आकडे उणे १५ आणि उणे २०, तर ५डब्ल्यूला उणे ३० आणि उणे ३५.

मागचा ४० हा १०० अंश सेल्सिअसला मोजलेला दाटपणा. तो १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक्समध्ये (हे दाटपणाचं एकक) असला तर ग्रेड ४०. ३० साठी पट्टा ९.३ ते १२.५ आणि ५० साठी १६.३ ते २१.९.

उष्ण हवेत राहणारे इथे हमखास एक प्रश्न विचारतात: आमच्याकडे पारा शून्याखाली जातच नाही, मग पहिल्या आकड्याशी आम्हाला काय देणंघेणं? देणंघेणं आहे. सकाळी २० अंशांवर उभं असलेलं इंजिनही ऑइलच्या दृष्टीने थंडच असतं. १५डब्ल्यू-४० ऑइल १०० अंशांना साधारण १४ सेंटीस्टोक्स असतं, तेच ४० अंशांना शंभरीच्या पुढे जातं आणि २० अंशांना आणखी कितीतरी दाट होतं. स्टार्टर मारल्यापासून वरच्या रॉकरपर्यंत आणि टर्बोच्या बेअरिंगपर्यंत ऑइल पोचेपर्यंतचे जे काही सेकंद जातात, त्यात इंजिन फार झिजतं. पहिला आकडा लहान असेल तर हे सेकंद कमी होतात.

‘जाड ऑइल चांगलं’ हा गैरसमज

बोटांत धरून, चोळून ऑइलची पारख करणारे पुष्कळ भेटतात. बोटांना जे जाड लागतं ते इंजिनालाही चांगलं, असा त्यांचा हिशेब असतो. पण क्रँकचं जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा त्याचा गोल भाग) आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावी लागते, जवळपास केसाच्या जाडीएवढी. त्या फटीत ऑइलचा पातळ थर दाबाखाली तरंगत राहिला पाहिजे आणि सतत वाहून उष्णताही बाहेर नेली पाहिजे. जास्त दाट ऑइल कमी वाहतं, म्हणून बेअरिंग जास्त तापतं. दाटपणाशी झगडताना पंपाचा दाब वाढतो आणि मीटरवरचा काटा वर गेलेला पाहून मालक खूश होतो. त्या काट्यावर दाब दिसतो; बेअरिंगपर्यंत किती ऑइल पोचलं ते दिसत नाही.

जुनं इंजिन निळा धूर सोडायला लागलं की २०डब्ल्यू-५० घालून धूर कमी करण्याचा उपाय सर्रास केला जातो. धूर थोडा कमी होतो हे खरं. पण झिजलेल्या रिंगा किंवा कडक झालेले व्हॉल्व्ह सील त्याने बरे होत नाहीत. दुरुस्ती चार-सहा महिने पुढे ढकलायची म्हणून हे करायचं असेल तर समजून करा. त्याला इलाज म्हणू नका.

उलट चूकही तितकीच महागात पडते. नव्या मोटारींना ०डब्ल्यू-२० सांगितलेलं असतं, ते ‘आधुनिक’ आहे म्हणून ट्रॅक्टरात घालायचं नाही. रोटावेटर ओढणाऱ्या इंजिनावर तासन्‌तास पूर्ण भार असतो, मोटारीवर क्वचितच असतो.

दर्जाचा वर्ग: एस, सी आणि पुढचं अक्षर

ग्रेडवरून फक्त दाटपणा कळतो. काजळी धरून ठेवण्याची, आम्ल मारण्याची आणि झीज रोखण्याची ताकद किती आहे ते एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचा वर्ग सांगतो. ‘एस’ने सुरू होणारे वर्ग पेट्रोल इंजिनांसाठी, ‘सी’ने सुरू होणारे डिझेलसाठी. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितका वर्ग नवा: डिझेलमध्ये सीएफ-४, सीजी-४, मग १९९८चा सीएच-४, २००२चा सीआय-४, त्यानंतर सीजे-४ आणि २०१६चा सीके-४. सीएफ-४ आता कालबाह्य ठरवलेला वर्ग आहे. त्या ऑइलचे डबे कुठेकुठे दिसतात, पण घेण्यात अर्थ नाही. पेट्रोलमध्ये एसएन २०१०चा आणि एसपी २०२०चा.

साधारण नियम असा, की नव्या वर्गाचं ऑइल जुन्या इंजिनाला चालतं, जुन्या वर्गाचं नव्या इंजिनाला चालत नाही. याला दोन अपवाद आहेत. पहिला एफए-४. हाही २०१६चाच, पण मुद्दाम पातळ ठेवलेला. १५० अंशांना, जोरदार घर्षणाखाली मोजलेला त्याचा दाटपणा २.९ ते ३.२ मिलिपास्कल-सेकंद (हे एकक वेगळं) असतो आणि सीके-४ चा किमान ३.५. ज्या इंजिनाच्या पुस्तकात एफए-४ स्पष्ट लिहिलं आहे त्यातच ते घालायचं. दुसरा अपवाद डिझेलमधल्या गंधकाचा. गंधक जळून आम्ल तयार होतं आणि ते मारण्यासाठी ऑइलमध्ये अल्कली असते. तिचा आकडा माहितीपत्रकात टीबीएन म्हणून दिलेला असतो. डिझेलमध्ये गंधक जास्त असेल तर सीजे-४, सीके-४ सारखं कमी राखेचं ऑइल लवकर थकतं. अशा ठिकाणी साध्या, धूर-गाळणी नसलेल्या इंजिनाला सीआय-४ अधिक सोयीचं पडतं.

धूर-गाळणी, म्हणजे डीपीएफ, असलेल्या इंजिनाला मात्र कमी राखेचंच ऑइल हवं: सीजे-४, सीके-४ किंवा मोटारींसाठी युरोपीय एसीईए संस्थेचे ‘सी’ वर्ग. सीके-४ मध्ये राखेचं प्रमाण एक टक्क्याच्या वर जाऊ देत नाहीत. ऑइलचा जो थोडा अंश सिलिंडरमध्ये जळतो त्याची राख गाळणीत अडकते. काजळी गाळणीतच जाळून टाकता येते, राख जळत नाही. ती साचतच जाते.

आता एक डबा प्रत्यक्ष वाचून बघू. मागे लिहिलं आहे: ‘एसएई १५डब्ल्यू-४०, एपीआय सीआय-४ प्लस / एसएल’. म्हणजे ग्रेड १५डब्ल्यू-४०. आधी ‘सी’ वर्ग आहे, अर्थात हे मुळात डिझेलसाठी बनवलेलं ऑइल आहे. तिरप्या रेघेनंतरचं ‘एसएल’ म्हणजे पेट्रोलच्या त्या जुन्या वर्गाच्या कसोट्याही ते पार करतं. ट्रॅक्टर आणि जुनी पेट्रोल गाडी दोन्ही घरात असतील तर हा एकच डबा दोघांना चालू शकेल. पण पुस्तकात एसएन किंवा एसपी लिहिलेल्या गाडीला चालणार नाही. टर्बोवाल्या थेट-इंजेक्शन पेट्रोल इंजिनात तर अजिबात नको. त्यांच्यात कमी वेगाला, जास्त भाराखाली इंधन वेळेआधी पेटण्याचा दोष असतो, आणि तो आवरण्याची कसोटी एसपी वर्गात आहे.

इंजिनाचं मागे नाही, मागचं इंजिनात नाही

ट्रॅक्टरच्या मागच्या घरासाठी यूटीटीओ नावाचं ऑइल येतं. ते गिअर, हायड्रॉलिक आणि ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक असं तिन्ही सांभाळतं. गोंधळ होतो तो त्याच्या डब्यावरही कधी कधी ‘१०डब्ल्यू-३०’ असा इंजिन ऑइलसारखाच आकडा असतो म्हणून. आकडा तोच, ऑइल निराळं. काजळी धरून ठेवणारी आणि जळक्या घाणीला धुणारी द्रव्यं यूटीटीओमध्ये इंजिनाला पुरतील एवढी नसतात. ते इंजिनात घातलं तर थोड्याच तासांत गाळ धरतो, रिंगा चिकटतात.

उलट, बुडालेल्या ब्रेकच्या घरात साधं इंजिन ऑइल किंवा साधं गिअर ऑइल घातलं की ब्रेक दाबताना कुरकुर आणि थरथर सुरू होते, कारण त्या चकत्यांना ठरावीक घर्षण देणारी द्रव्यं लागतात. एसटीओयू नावाचा एक प्रकार इंजिन आणि मागचं घर दोन्हींसाठी बनवलेला असतो. सोय आहे, पण माहितीपुस्तकाने दोन्ही जागी परवानगी दिली असेल तरच.

कोरड्या ब्रेकच्या जुन्या ट्रॅक्टरांत मागे ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल चालतं. हे ९० पाहून दचकू नका. गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे. त्यातलं ९० हे इंजिन ऑइलच्या ४०-५० च्या आसपास येतं. गिअर ऑइलचे दर्जाचे वर्गही वेगळे, ‘जीएल’ने सुरू होणारे. जीएल-४ सांगितलं असेल तिथे जीएल-५ ‘वरचं’ म्हणून घालायचं नाही. जीएल-५ मधलं गंधक-फॉस्फरसचं जास्त प्रमाण पितळी भागांना खाऊ शकतं.

मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. तिला जासो या जपानी मानकाचं एमए किंवा एमए२ लिहिलेलंच ऑइल. इंधन वाचवणारं मोटारीचं पातळ ऑइल घातलं तर क्लच घसरतो: गिअर टाकला, आवाज वाढला, पण गाडी पुढे सरकत नाही. स्कूटरचा क्लच कोरडा असल्यामुळे तिला जासो एमबी चालतं.

फवारणी पंप, ब्रश कटर यांच्या दोन-स्ट्रोक इंजिनांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं, आणि ते दोन-स्ट्रोकसाठीच बनवलेलं हवं. जासो एफसी किंवा एफडी. ५०:१ म्हणजे एका लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. मोजायला सिरिंज वापरा, झाकणाचा अंदाज नको.

मिनरल की सिंथेटिक? पुस्तकाने सांगितलेला ग्रेड आणि वर्ग दोन्हींत मिळत असेल तर साध्या ट्रॅक्टरला चांगलं मिनरल पुरतं. सिंथेटिकचा फायदा कडाक्याची थंडी, टर्बो आणि लांब मुदतीच्या बदलात दिसतो. नव्याने बांधलेल्या इंजिनाला सुरुवातीच्या साधारण ५० तासांना मिनरलच घाला, आणि इंजिन नुसतं आयडलवर चालवत ठेवू नका. मध्यम भार द्या, म्हणजे रिंगा बसतील. वरून ओतायच्या ‘शक्तिवर्धक’ बाटल्यांवर पैसे घालवू नका. ऑइलमधली द्रव्यं एकमेकांशी मापात बसवलेली असतात, बाहेरचं द्रव्य ते माप बिघडवतं.

बदलताना

पहिला बदल बहुधा ५० तासांनी. त्यानंतर पुस्तकाप्रमाणे, पुष्कळ ट्रॅक्टरांत तो २५० तासांच्या आसपास असतो. तास पुरे झाले नाहीत तरी वर्षातून एकदा बदलाच. यांत्रिक तास-मीटर इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांनाच खरा एक तास मोजतो. आयडलवर तो मागे पडतो, आणि आयडलवरचं चालणं ऑइलला काही सोपं नसतं. धुळीत, वारंवार थोड्या थोड्या वेळासाठी चालू-बंद होणाऱ्या किंवा गंधकयुक्त डिझेलवरच्या इंजिनाची मुदत निम्म्यावर आणा.

सपाट जागी उभं करा, अवजार खाली टेकवा, हँडब्रेक ओढा, चाकांना अडसर लावा. इंजिन १०-१५ मिनिटं चालवून कोमट करा, म्हणजे घाण ऑइलमध्ये तरंगत बाहेर येईल. बंद करून चावी काढा. हातमोजे घाला; कोमट म्हटलं तरी ते भाजतं. चेंबरच्या मापापेक्षा मोठं भांडं खाली ठेवा. ड्रेन बोल्टचे शेवटचे आटे सोडवताना तो आत दाबून धरा आणि एकदम बाजूला घ्या. पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या.

बोल्टला चुंबक असेल तर त्यावरची करडी, लोण्यासारखी मऊ भुकटी ही नेहमीची झीज. बोटांना टोचणारे चमकदार तुकडे असतील तर नवं ऑइल ओतायच्या आधी फिटरला दाखवा. चेंबर डिझेल किंवा रॉकेलने धुऊ नका. खोबणीत त्यातलं थोडं राहतंच आणि नव्या ऑइलला पातळ करतं.

फिल्टर प्रत्येक वेळी बदला. तो तुंबला की त्यातली बायपास झडप उघडते आणि ऑइल न गाळताच फिरायला लागतं. जुना फिल्टर काढल्यावर बसण्याच्या जागी हात फिरवून बघा: जुनी रबरी रिंग तिथेच चिकटून राहिली असेल तर ती काढा. तिच्यावर दुसरी रिंग बसली तर दाब येताच ती बाहेर फेकली जाते आणि चेंबर काही मिनिटांत रिकामं होतं. नवा फिल्टर उभा बसत असेल तर आधी ऑइलने भरून घ्या. रिंगेला ऑइलचं बोट लावा, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि पुढे साधारण पाऊण फेरा. पाना नको.

ड्रेन बोल्टला नवा वायसर घाला आणि बेताने आवळा. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे लगेच जातात. पुस्तकातल्या मापापेक्षा अर्धा-एक लिटर कमी भरा. यांत्रिक स्टॉप नॉब असेल तर तो ओढून धरून दहा-पंधरा सेकंद नुसता स्टार्टर मारा, म्हणजे टर्बोला सुरू होण्याआधीच ऑइल मिळतं. मग सुरू करा. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद. फिल्टर आणि बोल्टपाशी गळती बघा. बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, पट्टी पुसून पुन्हा बुडवा आणि वरच्या खुणेपर्यंत भरा. वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नका: क्रँक ऑइलमध्ये आपटून फेस होतो, फेसाचा दाब धरत नाही, आणि जादा ऑइल ब्रीदरमधून किंवा सीलमधून वाट काढतं.

निथळलेलं ऑइल मातीत किंवा पाण्यात ओतू नका, अंगालाही लागू देऊ नका. बंद कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्यांना द्या. नव्या ऑइलचे रिकामे डबे कापून टाका. अखंड डबा पुन्हा भरून विकला जातो. त्याच कारणाने घेतानाही झाकणाचं सील, बॅच क्रमांक आणि भरल्याची तारीख बघा.

पट्टीवरचं ऑइल काय सांगतं

डिझेलचं ऑइल काळं होणं हा दोष नाही. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. शंका असेल तर पट्टीवरचा एक थेंब टिपकागदावर सोडून काही तास थांबा. काळेपणा बाहेरपर्यंत हळूहळू फिका होत पसरला तर ऑइल अजून काजळी वाहू शकतं. मधे गडद, काठ असलेला ठिपका आणि भोवती जवळजवळ स्वच्छ वर्तुळ दिसलं तर त्याची ताकद संपली, तास काहीही असोत.

दुधाळ कॉफीचा रंग म्हणजे पाणी शिरलं आहे. हेड गॅस्केट, ऑइल कूलर किंवा लाइनरच्या रिंगा तपासा आणि तोवर इंजिन चालवू नका. पातळी न भरता वाढली आणि डिझेलचा वास आला, तर इंजेक्टर किंवा डिझेल पंपाच्या सीलमधून इंधन चेंबरमध्ये उतरतंय. डीपीएफच्या गाडीत गाळणी जाळण्याचं चक्र वारंवार अर्धवट राहिलं तरी हेच होतं. ‘ऑइल कमी होत नाही’ म्हणून समाधान मानणारे इथेच फसतात.

कामाच्या ऐन मध्यावर पातळी खालच्या खुणेखाली गेली आणि नेहमीचं ऑइल हाताशी नसेल, तर त्याच ग्रेडचं आणि त्याच किंवा वरच्या वर्गाचं दुसऱ्या कंपनीचं ऑइल घाला. एपीआय वर्गांची ऑइलं एकमेकांत मिसळावीत अशीच बनवलेली असतात. ग्रेडही जुळत नसेल तर जवळचा ग्रेड घालून पातळी भरा, भार कमी ठेवा आणि काम आटोपलं की पूर्ण बदला. कमी ऑइलवर तसंच ढकलत राहिलात तर पंप हवा ओढतो, आणि सगळ्यात आधी कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं जातात.